सोडलेल्या गाठींची कहाणी

ऐका दिवसाई माते, तुझी कहाणी. समुद्राकाठी एक आटपाट नगर, समुद्रापार दुसरं. अलीकडच्या नगरात कोंडाजी सुतार होता, त्याची बायको चिमा होती. कोंडाजी पलीकडे गलबतं बांधायला जाई. तिथला राजा परक्या कामकऱ्यांकडून कर घेत नसे. इथला राजा मात्र डोळ्यांत तेल घालून बसलेला. त्याचा कायदा असा, की वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस जो इथं राहील, तो इथला. त्यानं समुद्रापारच्या कमाईतलाही वाटा द्यावा. कमी राहील, त्याला इथल्या कमाईपुरताच कर.

म्हणून सासूनं चिमाला दिवसाईचा वसा दिला. "सूनबाई, नवरा घरी असला की रोज सकाळी दोऱ्याला एक गाठ मार. निम्म्या वर्षाच्या गाठींनी दोरा भरत आला की दशम्या बांधून दे, गलबतात बसव. आळस करू नकोस, लबाडी करू नकोस, घेतला वसा सोडू नकोस."

चिमा मनात म्हणाली, कसला कायदा नि कसला कर! ह्यांना जायची घाई भलतीच. मग तिला त्याच्या सदऱ्याला अत्तराचा वास आला. मग बोचक्यात जरीचा रुमाल सापडला. मग कोंडाजी झोपेत परक्या भाषेत हसला. झालं! तिकडे नक्की कोणीतरी आहे.

मग तिनं काय केलं? सासू देवळात गेली, चिमानं एक गाठ सोडली. दुसऱ्या दिवशी दोन सोडल्या. तिसऱ्या दिवशी मूठभर सोडल्या. दोरा काही भरेना, कोंडाजी काही निघेना. चिमा सुखावली, तरी रुमाल हुंगतच राहिली.

एके दिवशी राजाचा कारकून दारात उभा. बंदरावर त्याची वेगळी मोजणी होती. "निम्मं वर्ष उलटलं. कोंडाजी, तुम्ही आता इथले. तिकडच्या कमाईतला वाटा काढा." कौलांसाठी ठेवलेले पैसे तो घेऊन गेला. सासू कपाळाला हात लावून बसली.

चिमा रडली, नवऱ्याच्या पाया पडली. "अहो, गाठी मी सोडल्या. मला वाटलं, तिकडे तुमची दुसरी कोणी आहे. तो रुमाल कुणाचा?"

"तुझाच. रोज द्यायला काढायचो, तर तू रोज फुरंगटलेली. आणि गाठींचं म्हणशील, तर सोडलेल्या गाठीचा पीळ दोऱ्यात राहतो. पहिल्याच दिवशी दिसला मला."

"मग गेला का नाहीत?"

"इतक्या वर्षांत मला राहा असं कुणी म्हटलंच नव्हतं."

मग चिमानं वसा पुन्हा घेतला, मनोभावे पाळला. दोरा भरत आला, तिनं दशम्या बांधल्या, तोंडानं "राहा" म्हटलं आणि हाताला धरून गलबतात बसवलं. घरावर कौलं चढली. अत्तराचं मात्र ती दर वर्षी विचारते.

चिमाला दिवसाई पावली, तशी ती तुम्हां आम्हां पावो. गेलेलं माणूस वेळेवर येवो, आलेल्याला राहा म्हणणारं कुणी असो. साठ गाठींची कहाणी पाच गाठींत बांधली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.