म्हाताऱ्या मोटारीचं नवं इंजिन

लई वर्षं झाली, घाटाखाली धोंडबाची एक म्हातारी मोटार होती. घाट झपाट्यानं चढावा म्हणून धोंडबानं भंगारातलं टेम्पोचं मोठं इंजिन स्वस्तात आणून तिच्यात बसवलं.

मोटार म्हणाली, "मालक, ब्रेक माझे जुनेच आहेत हो."

"ब्रेकचं पुढच्या दसऱ्याला बघू गं," म्हणत त्यानं इंजिनाला हार घातला.

घाट ती एका दमात चढली. मग उतार लागला.

"अरे, धर मला!" मोटार ओरडली.

इंजिन म्हणालं, "बाई, मला पळवणंच येतं."

धोंडबा लंगडत घरी आला. मोटार दरीतच राहिली. इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. भंगारवाल्यानं ते काढून नेलं, आणि आठवड्यात त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं.