उतारावरची भिंत

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एका डोंगराच्या कुशीत छोटंसं गाव होतं. तिथे सोनजी नावाचा गवंडी राहत असे. राजाच्या किल्ल्याचे बुरूज त्याने बांधले होते आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

त्याच्या घरामागचं परस उभ्या उताराचं होतं. दर पावसाळ्यात तिथली माती थोडी थोडी वाहून जाई. एका वर्षी गोठ्याचा पाया उघडा पडला. त्याची बायको येसू शेण टाकायला गेली ती घसरून पंधरा हात खाली गेली. करवंदीच्या जाळीत अडकली म्हणून वाचली.

सोनजी म्हणाला, "आता अशी भिंत घालतो, की मातीचा कणही हलणार नाही."

उताराच्या पायथ्याशी हौसाक्का नावाची म्हातारी कुंभारीण एकटीच राहायची. तिने विचारलं, "भिंत घाल बाबा, चांगलंच होईल. पण पाणी कुठून जाणार?"

"जाणारच नाही! माझ्या भिंतीतून मुंगीसुद्धा जात नाही."

"मग ते मागे साठेल. सोनजी, माझा जन्म मातीत गेलाय. ओली माती किती जड होते ते मला विचार. खालच्या बाजूला भोकं ठेव."

"भोकांची भिंत, आणि ती माझी? लोक हसतील, अक्का."

त्याने उतारावरचं गवत आणि जाळ्या साफ केल्या. दोन पुरुष उंचीची, चुन्यात बसवलेली, ओळंब्यात सरळ अशी भिंत उभी केली. लोक मुद्दाम बघायला आले. सोनजी खूश झाला.

पुढच्या श्रावणात पावसाने सहा दिवस उसंत घेतली नाही. सहाव्या दिवशी दुपारी येसू परसात गेली, तर पाय घोट्यापर्यंत रुतला. तिने भिंतीकडे नीट पाहिलं.

"अहो, इकडे या. भिंतीला पोट आलंय."

सोनजीने भिंतीवर हात ठेवला. दगडांच्या सांध्यांतून चिखल झिरपत होता. काय होणार हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? खाली हौसाक्काच्या घरातून चुलीचा धूर निघत होता.

"तू गाय सोड आणि वर जा," असं येसूला सांगून तो उताराच्या कडेने धावत सुटला.

"अक्का, बाहेर चल! भिंत येतेय!"

"अरे, माझी मडकी..."

"मडकी राहू देत!"

म्हातारीचे गुडघे धरलेले होते. त्याने तिला पाठीवर घेतलं. ते ओढ्याजवळच्या कातळावर पोचले आणि मागे मोठा आवाज झाला. भिंत, चिखल आणि अर्धा गोठा हौसाक्काच्या घरावर येऊन बसला.

सोनजी मान खाली घालून उभा राहिला. "अक्का, तुझं घर मी पाडलं."

"पाडलंस खरं," हौसाक्का म्हणाली. "आणि मला बाहेरही तूच काढलंस. आता बांधशील ते विचारून बांध."

सोनजीने आधी तिचं घर बांधून दिलं. मग तो परसाकडे वळला. या वेळी त्याने एका उंच भिंतीऐवजी तीन बुटके बांध घातले. ते नुसत्या दगडांचे होते, चुन्याशिवाय. हौसाक्काने सांगितलं तशी मागे खडी भरली आणि वरच्या अंगाला चर खणून पाणी ओढ्याकडे वळवलं. येसूने बांधांच्या मध्ये वाळ्याचं गवत लावलं. खाली जायला वळणावळणाची पायवाट केली आणि तिला बांबूचा कठडा बसवला.

पुढच्या वर्षी पाऊस आणखी जोराचा झाला. दगडांमधून पाणी वाहत राहिलं आणि माती जागेवर राहिली.

एका वाटसरूने विचारलं, "हे काम कुणाचं?"

सोनजी म्हणाला, "हौसाक्काने सांगितलं, येसूने लावलं. मी दगड उचलले."

तात्पर्य: जोराला नुसतं अडवू नये, त्याला वाट द्यावी, आणि ती वाट उताराखाली राहणाऱ्याला विचारून ठरवावी.