टोपातलं प्रवाळ

एकदा एक बाई समुद्रकाठच्या शाळेत नववीच्या वर्गाला प्रवाळ शिकवत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतः जिवंत प्रवाळ कधी पाहिलंच नव्हतं. बाई घाटावरच्या. शाळा कोकणातली. भिंतीवरच्या तक्त्यात गुलाबी रंगाचं प्रवाळ होतं, त्यावरच तीन वर्षं काम भागलं होतं. हसू नका, आपल्यापैकी बरेचजण असंच शिकवतो. पण बाई शिकवायच्या मात्र जीव ओतून. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, राईएवढ्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हात अन्न तयार करून त्यांना भरवतं. त्यांच्या कपारींत माशांची पिल्लं वाढतात, म्हणून ते गेलं तर मासळीही जाईल. हे सांगताना त्यांचा स्वर हळवा व्हायचा. बोलता बोलता एकदा त्या म्हणाल्या, "मला मेलीला ते जिवंत पाहायचं भाग्य अजून लाभलेलं नाही."

वर्गात तेजल नावाची मुलगी होती. तिची आई खडकाला चिकटलेली शिंपल्यांची कालवं काढून विकायची, आणि ओहोटीला तेजलही आईबरोबर जायची. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी खूप मागे हटलं, तेव्हा कालवं काढायच्या लोखंडी सळईनंच तिनं खडकावरच्या प्रवाळाचा पेरूएवढा तुकडा अलगद सुटा केला. समुद्राचं पाणी भरलेल्या टोपात घालून, न हिंदकळता, ती तो शाळेत घेऊन आली.

"बाई, तुमी बघूक नाय होतास ना, म्हणान आणलंय."

बाई एकदम कडाडल्या. "तीन आठवडे मी काय शिकवलं? जिवंत वसाहत मोडलीस तू! इतकं कळत नसेल तर कशाला बसतेस वर्गात?"

वर्ग हसला. तेजलचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दप्तर उचललं आणि ती घरी निघून गेली. टोप टेबलावर तसाच राहिला.

बाईंना चैन पडेना. पोरगी पुन्हा शाळेत आलीच नाही तर? मधल्या सुट्टीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या टोप घेऊन गावातल्या वृद्ध गुरुजींकडे गेल्या. गुरुजी याच शाळेतून निवृत्त झालेले. वर्ग कसा घ्यावा, हे बाई त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या.

बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं. "गुरुजी, तुम्ही तिला समजावा. मी चुकीचं तर काही बोलले नव्हते ना?"

 टोपातलं पाणी बदलायला गुरुजींनी समुद्रावरून दोन बादल्या आणवल्या, टोप पडवीच्या सावलीत ठेवला आणि बाईंना समोर बसवलं. "हलू नकोस. बोलूही नकोस."

टोपात नुसता मातकट दगड दिसत होता. बाईंनी न राहवून बोट पुढे केलं, तर गुरुजींनी त्यांचा हात धरून मागे घेतला. अर्धा तास गेला, एक तास गेला. हे काय चाललंय, बाईंना उमजेना. शिकवायचं सोडून पाण्याकडे बघत बसायचं?

मग त्या दगडाच्या एका छिद्रातून केसाएवढं काहीतरी डोकावलं. त्याच्या शेजारी दुसरं आलं. बघता बघता सगळ्या दगडावर इवली इवली फुलं उमलली आणि पाण्यात हळूच डोलू लागली. बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"तक्त्यात असं नाही हो," त्या पुटपुटल्या.

तेव्हा गुरुजी बोलले. "तू वर्गात बोललीस ते खरंच होतं. पण जोरानं टोचलंस. टोचल्यावर हा जीव आत ओढून घेतो आणि दगड होऊन बसतो. मग त्याला कितीही हाका मार, दार ठोठाव, काही उपयोग नाही. पाणी शांत कर आणि बस, एवढंच आपल्या हाती असतं. अगं, तुझा धडा वर्गात एकीच्याच काळजाला भिडला. जीव जडला की माणसाला ते हातात घ्यावंसं वाटतं. तो हात झिडकारलास तर तो पुन्हा समुद्राकडे वळणार नाही. त्याच हाताला परत ठेवायला शिकव."

दुपारी बाई तेजलच्या अंगणात गेल्या. आई कालवं फोडत बसली होती. "सकाळपासून बोलूक नाय ती," आई म्हणाली. बाईंनी हाक मारली नाही. टोप सावलीत ठेवून त्या कालवं फोडायला बसल्या. दोनदा बोट कापलं, पण त्या उठल्या नाहीत. बऱ्याच वेळानं तेजल दाराशी आली, टोपात वाकून पाहत राहिली. ओहोटीची वेळ झाली तसा तिनं टोप कडेवर घेतला आणि चालू लागली. बाई मागोमाग निघाल्या.

खडकाशी ती थांबली. "हयसर पाय ठेवा. थयसर नको, थयसर जिवंत आसा."

बाई सांगितल्या जागीच पाऊल टाकत गेल्या. मोडल्या जागेजवळच्या खाचेत तेजलनं तो तुकडा घट्ट बसवला.

"माझं चुकलं, तेजल. सगळ्यांसमोर तुला तोडून बोलले."

तेजल पाण्याकडेच बघत होती. "जगतला ना ता, बाई?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. शिक्षकाच्या तोंडी हे शब्द यायला फार वेळ लागतो. "तू इथं रोज येतेस. तू बघ, आणि मला शिकव."

तेजलनं पहिल्यांदा मान वर केली. मग कुठल्या कपारीत कुठल्या माशाची पिल्लं असतात, कुठलं प्रवाळ ओहोटीला उघडं पडतं, ते सांगायला तिनं सुरुवात केली. पाणी घोट्याशी आलं, पुढे गुडघ्याशी आलं, तरी ती सांगतच होती, आणि बाई ऐकत उभ्या होत्या.