घोंगडीतला राजा

राजाने धनगराचा कुत्रा उचलून आणला आणि तीन दिवसांत सगळा राजवाडा हवालदिल झाला. कुत्रा खाईना, भुंकेना, राजाकडे ढुंकूनही बघेना!

कुत्र्याचं नाव ढाण्या. वासराएवढं अंग, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. त्याने एकट्याने दोन लांडगे पिटाळले, हे ऐकून दुर्जयसिंह राजाने हट्टच धरला होता, "असा राखणदार माझ्यापाशी हवा!" आता ढाण्या इथे आणि तिकडे माळावर सिदू धनगराची दीडशे मेंढरं राखणीवाचून. लांडगे रोज थोडे जवळ सरकत होते.

चौथ्या दिवशी सिदूची लेक हौसा दरबारात उभी राहिली. हातात भाकरीचं गाठोडं आणि ताकाचं गाडगं, खांद्यावर बापाची घोंगडी.

"म्हाराज, आमचा ढाण्या परत द्या."

"देईन की! आज दिवस मावळायच्या आत त्याने माझी राखण करून दाखवली, की खुशाल घेऊन जा. नाही केली, तर कुत्रा माझा आणि तुमची माळावरची चराई बंद! साखळी नको, मार नको आणि राजवाड्यात एकही मेंढरू आणायचं नाही!"

हौसाने ढाण्यासमोरच्या चांदीच्या वाडग्यात डोकावून पाहिलं. "ह्यात काय वाढलंय?"

"मेंढीचं कोवळं मटण!" आचारी ऐटीत म्हणाला.

"अगं बाई! भावकीचंच मटण वाढलंत व्हय त्याला?"

तिने ताकात भाकरी कुस्करली. ढाण्याने ती डोळ्याचं पातं लवायच्या आत संपवली!

"भावकी म्हणजे?" राजाने विचारलं.

"त्याचं डोळं उघडलं मेंढीच्या पोटाशी. त्याला राजा कळत न्हाई, परजा कळत न्हाई. कळपातला कोन अन् भायरचा कोन, एवढंच कळतं."

"मग मला कळपात घे!" राजा असा गरजला की सगळा दरबार दचकला.

"घेते की! ही घोंगडी पांघरा अन् खाली बसा."

"महाराजांनी भुईवर बसायचं?" प्रधान ओरडला.

"मेंढरू कधी सिंहासनावर बसतं का, प्रधानजी?"

त्या घोंगडीवर थंडीत नवी कोकरं निजायची. राजाने नाक मुठीत धरून ती अंगावर ओढली. ढाण्याने हुंगलं. शेपटी हलली. मग राजाकडे पाठ आणि दरबाराकडे तोंड करून तो ठाण मांडून बसला. प्रधान एक पाऊल पुढे आला मात्र, अशी गुरगुर झाली की त्याची पगडी एकीकडे आणि जोडा दुसरीकडे!

"शाब्बास!" म्हणत राजा उठला. ढाण्याने त्याला डोक्याने ढकलून हळूच खाली बसवलं. आचारी ताट घेऊन आला, त्यालाही दारातच अडवलं. पुऱ्या निवत चालल्या.

"अगं हौसा, हटव ह्याला! पोटात कावळे ओरडताहेत!"

"कळपातलं मेंढरू तो एकटं सोडत न्हाई, म्हाराज. घोंगडी टाका."

राजाने घोंगडी तिच्याकडे फेकली. ढाण्या लगेच उठून तिच्याजवळ जाऊन बसला आणि चक्क राजावरच गुरगुरला!

"लबाड पोरी!" राजा लाल झाला. "हा माझी नाही, घोंगडीची राखण करत होता! हरलीस तू!"

हौसाने हात जोडले. "म्हाराज, एक इचारू? मुकुट काढून, फाटकं धोतर नेसून बाजारात गेलात, तर तुमास्नी मुजरा कोन करंल?"

प्रधान आपल्या एकाच जोड्याकडे बघत राहिला.

"लोकं मुकुट वळखून मुजरा करत्यात, ढाण्या घोंगडी वळखून राखण करतो. तो मुजरा तुमचा असंल, तर ही राखण बी तुमचीच!"

राजा असा हसला, असा हसला, की तीन दिवस मुका राहिलेला ढाण्याही भुंकू लागला.

"घेऊन जा तुझा वाघ! माळाची चराई कायमची सिदूच्या नावावर! तो चांदीचा वाडगाही ने, ढाण्याच्या ताक-भाकरीला. फक्त ही घोंगडी आठवण म्हणून मला राहू दे."

"घ्या की, म्हाराज! पर तिच्यामागं ढाण्या येनार, अन् तुमास्नी रोज भुईवर बसवनार."

राजाने पुढे केलेला हात झटकन मागे घेतला.