बिनकाट्यांची बाभूळ

फार पूर्वी, विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीत सुगरण पक्ष्यांचं विद्यापीठ होतं. तिथे पिल्लं घरटं विणायला शिकत. एका वर्षी प्रवेश घटले, तशी कुलगुरूंनी बैठक बोलावली.

“काट्यांना घाबरून पिल्लं येत नाहीत,” कुलसचिव म्हणाले. “काटे काढून टाकू.”

“अहो, काट्यांमुळेच साप वर चढत नाही,” विणकाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

“बाई, सापाचं नंतर बघू. आधी वर्ग तर भरू देत!”

बहुमताने काटे मोडले. वर्ग खरंच भरले. फांदीफांदीवर किलबिल सुरू झाली.

मग साप आला.

पुढच्या बैठकीला कुलसचिव आलेच नाहीत. चोचीत मोडका काटा धरून ते फांदीवर बसले होते, तो पुन्हा चिकटतोय का बघत. त्यांचं पिल्लूही त्याच वर्षी दाखल झालं होतं.