आवळीखालची मोकळी जागा

नदीच्या वळणावर एक जंगल होते आणि त्या जंगलात एक साळिंदर राहत असे. पाणवठा, वाटा, माळ, सगळा कारभार त्याच्याकडे. बोलायला तो गोड नव्हता, पण बीळ खणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एका भाद्रपदात नदीला पूर आला आणि पलीकडच्या काठावरचे सगळे गवत वाहून गेले. तिथले उरलेसुरले जीव अलीकडे आले आणि माळावर, आवळीच्या झाडाखालच्या उंच गवतात अंग चोरून राहू लागले. त्यांत एक ससा होता. त्याची बायको पुरात गेली होती, तीन पिल्ले तेवढी मागे उरली होती. आपल्याकडच्या सशाला बीळ खणता येत नाही, मुलांनो. गवत हेच त्याचे घर आणि गवत हेच पांघरूण.

कार्तिक आला. दर कार्तिकात त्या जंगलात आवळीखाली जेवणावळ होई आणि शेजारच्या जंगलातली रानडुकरे पाहुणी म्हणून येत. साळिंदराने माळाकडे पाहिले आणि त्याचे डोके फिरले. पाहुण्यांना हे दाखवायचे? त्याने सभा भरवली. सभेला सगळे होते, फक्त ज्यांच्याबद्दल सभा होती ते सोडून. "आम्ही काही निर्दयी नाही," साळिंदर म्हणाला, "पण इथे नको." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून गवत मुळासकट उपटले आणि साळिंदराने काटे फुलवून बाकीच्यांना पांगवले आणि सशाला पिल्लांसकट मोराच्या उतारावर हाकलले. मोराने आपल्याला फार वाईट वाटत असल्याचे सांगितले, डोळेसुद्धा पुसले, पण ती पडली त्याची नाचायची जागा, म्हणून त्याने त्यांना वानराच्या चिंचेखाली धाडले. वानराने फांदीवर बसूनच सांगितले की पूर काही त्याने आणला नव्हता. आणि गंमत बघा, गंमत कसली, सांगताना संताप येतो, प्रत्येकाने साळिंदराला निरोप पाठवला की आपल्याकडचा प्रश्न सुटला. डोंबलाचा सुटला! ससा आणि त्याची पिल्ले नदीच्या ओल्या वाळूत, वाहून आलेल्या एका ओंडक्याआड काकडत बसली होती. त्या थंडीत सर्वांत धाकटे पिल्लू गेले. तेव्हा इकडे माळावर पत्रावळी मांडणे चालले होते.

जेवणावळ झकास झाली. पाहुण्यांनी ताव मारला आणि माळ किती छान ठेवला आहे म्हणून तोंडभरून कौतुकही केले. पण शेवटी रानडुकरेच ती, जमीन उकरायची सवय सुटते थोडीच? कंदमुळांचा वास घेत ती साळिंदराच्या बिळापाशी गेली, सगळे बीळ उकरून, तुडवून सपाट केले आणि आपल्या वाटेने निघून गेली. साळिंदर, त्याची बायको आणि दोन पोरे उघड्यावर आली. आता नवे बीळ होईपर्यंत पोरांना ऊब कुठे मिळणार? साळिंदर मोराकडे गेला. मोराने पुन्हा डोळे पुसले. वानराने वरूनच सांगितले की डुकरांना काही त्याने बोलावले नव्हते. "आम्ही काही निर्दयी नाही," तो म्हणाला, "पण इथे नको." साळिंदराने नदीची वाट धरली.

ओंडक्याआड ससा बसला होता. साळिंदराला पाहून तो उठला नाही. साळिंदराने मान खाली घालून पोरांपुरती जागा मागितली. सशाने उरलेली दोन पिल्ले पोटाशी ओढून घेतली, तेवढी जागा मोकळी झाली.

"बसव त्यांना," ससा म्हणाला. "पण ऐकून घे. माझं धाकटं तुझ्या पंजाएवढं होतं. तुझ्या एवढ्या मोठ्या माळावर त्याला किती जागा लागली असती?"

साळिंदराने पोरांना त्या मोकळ्या जागेत बसवले. सकाळ होताच तो माळावर गेला आणि खणू लागला. गवत परत उगवेपर्यंत आसरा हवा, म्हणून पहिले बीळ त्याने सशासाठी खणले. मग पुरातून आलेल्या बाकीच्यांसाठी, आणि शेवटी स्वतःसाठी. मोर आणि वानर तमाशा बघायला आले, तेव्हा त्याने काटे फुलवून त्यांनाही माती ओढायला लावले. सशाचे बीळ दुपारच्या आत तयार झाले. अर्ध्या दिवसाचे काम होते, मुलांनो. आणि खणणे काही साळिंदर त्या दिवशी शिकला नव्हता.

तात्पर्य : बेघरांना हाकलले की ते फक्त आपल्या डोळ्यांआड होतात. त्यांना जागा करून देणे हे साऱ्या वस्तीचे काम आहे, आणि जमत असूनही जे ते करत नाहीत, त्यांना गेलेल्या जिवाचा जाब द्यावाच लागतो.