नामीबाईनं घेतलेल्या नाताळाच्या वशाची कहाणी

ऐका येशूबाळा, तुमच्या जन्मदिसाची कहाणी. आयांनो, बायांनो, तुम्हीही ऐका. मांडीवरचं लेकरू थोपटा, बोलणं थांबवा, मन इकडं द्या.

आटपाट गाव होतं. गावाला ओढा होता, ओढ्याकाठी मोसंबीच्या बागा होत्या, बागांच्या पलीकडं प्रभूचं देऊळ होतं. त्या गावात शलमोनराव म्हणून एक बागाईतदार होता. त्याची बायको नामीबाई. घरात धान्य होतं, गोठ्यात दुभतं होतं, देवाची भीती होती. लेक शहरात नोकरीला होता, सून एस्तेर घरात होती. कशाला म्हणून कमी नव्हतं.

नामीबाईचा एक नेम होता. नाताळ आला की ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची. पायरीखाली गरीबगुरीब रांगेनं उभे राहायचे. गऊबाई कामवाली एकेकाला वस्तू द्यायची, नामीबाई वरून बघायची. घेणारा हात जोडायचा, नामीबाई मान हलवायची. पुढचा यायचा. कुणाचं नाव काय, घर कुठलं, हे तिनं कधी विचारलं नाही. गाव म्हणायचं, देणारी असावी तर अशी.

त्याच गावात ओढ्यापलीकडं लेआ राहायची. ती आणि तिचा नवरा केकताडाच्या पानांच्या धाग्यांचे दोर वळायचे, आठवड्याच्या बाजारात विकायचे. घरात म्हातारी सासू होती, तामारआजी. ती अंथरुणाला खिळलेली होती, डोळ्यांनी अधू होती. लेआसुद्धा त्याच प्रभूचं लेकरू, त्याच देवळातली. पण तिच्या घरचं पाणी बागाईतदार पीत नसत. का पीत नाहीत, हे कुणी बोलत नसे. आणि कुणी विसरतही नसे.

पहिल्या नाताळाला लेआ रांगेत आली. तिला घोंगडी मिळाली. तिनं ती घेतली, मग पदराखालून डोईवर घागरीखाली ठेवायची एक चुंबळ काढली. स्वतः वळलेली, रंगीत काठाची. म्हणाली, "बाई, हे माझ्याकडचं. नाताळाचं."

नामीबाई म्हणाली, "राहू दे ग. तुलाच होईल."

दुसऱ्या नाताळाला लेआ आली. तिला ज्वारी मिळाली. तिनं ओच्यातून भाजलेल्या शेंगा काढल्या. म्हणाली, "बाई, आमच्या परसातल्या आहेत."

नामीबाई म्हणाली, "राहू दे ग. पोरांना घाल."

तिसऱ्या नाताळाला लेआ आली. तिला लुगडं मिळालं. तिनं फडक्यात बांधलेल्या करंज्या पुढं केल्या. म्हणाली, "बाई, तुमच्यासाठी म्हणून वेगळ्या तळल्या. एक तरी तोंडात टाका."

लोक बघत होते. नामीबाईला नाही म्हणवेना. तिनं गऊबाईला खूण केली. गऊबाईनं फडकं घेतलं, गोठ्यात गेली, करंज्या वासराच्या पुढ्यात टाकल्या. लेआ फाटकापाशी पोचली होती. मागं वळून बघितलं तर वासरू खात होतं. तिनं लुगडं घडी करून फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि घरी गेली. पुढच्या नाताळाला ती रांगेत आली नाही. नामीबाईच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग काय झालं? एस्तेरला दिवस गेले. डिसेंबराच्या थंडीत ती बाळंत झाली. मुलगा झाला. घरात आनंद झाला, देवळाची घंटा वाजली, गावात साखर वाटली. पण एस्तेरला ताप भरला. ताप उतरेना, आणि तिचं दूध आटलं. बाळ भुकेनं रडू लागलं.

गाईचं दूध पाजलं, बाळानं ओकून टाकलं. शेळीचं दूध पाजलं, बाळाचं पोट गेलं. शहरातून डब्यातलं दूध आणवलं, बाळानं तोंड फिरवलं. दिवसेंदिवस बाळ वाळायला लागलं. आधी मोठ्यानं रडायचं, मग बारीक रडायला लागलं, मग रडायचंच थांबलं. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, बाळाला बघितलं, म्हणाल्या, "याला बाईचंच दूध पाहिजे. आजच पाहिजे. कुणी ओली बाळंतीण आहे का गावात?"

गऊबाई म्हणाली, "लेआ आहे. तिची तान्ही अंगावर पिते."

नामीबाई ओढ्याकडं बघत राहिली. शलमोनराव म्हणाला, "विचार कसला करतेस? बोलाव तिला."

मग नामीबाईनं टोपली भरली. लुगडं घातलं, तूप घातलं, गूळ घातला, आणि गऊबाईच्या डोक्यावर दिली. "तिला म्हणावं, हे घे आणि लगेच ये."

गऊबाई गेली. गेली तशी टोपली घेऊन परत आली. "बाई, लेआ म्हणते, दुधाला काही घेत नसतात. ती आली असती. पण नवऱ्याचा पाय मोडलाय, सासू अंथरुणात, घर सोडता येत नाही. म्हणते, बाळाला घेऊन या, उशीर करू नका."

तो नाताळाचा आदला दिवस होता. अंगणात वाटपाच्या वस्तूंचे ढीग लागले होते. नामीबाईनं बाळ शालीत गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि निघाली. या बाईनं आजवर ओढा ओलांडला नव्हता. दगडादगडावरून पाय टाकत गेली. लोक बघत राहिले. तिनं वर बघितलं नाही. तिचं लक्ष शालीत होतं, श्वास चाललाय का, एवढंच ती बघत होती.

लेआचं दार ठेंगणं होतं. नामीबाई वाकली आणि आत गेली. आत खुर्ची नव्हती. ती भुईवर बसली.

लेआची मुलगी तिच्या अंगावर पीत होती. लेआनं बाळाकडं एकदा बघितलं. मुलीला सोडवलं, गोधडीवर ठेवलं, आणि हात पुढं केले. "द्या इकडं."

बाळाला ओढायची ताकद नव्हती. लेआनं दुधाचे थेंब त्याच्या ओठांवर सोडले. थांबली. पुन्हा सोडले. गालावर बोट फिरवलं. "घे रे राजा. घे. तुझंच आहे." नामीबाई देवाचा धावा करत होती. मग बाळाचा ओठ हलला. मग गाल हलला. मग घोट गेल्याचा आवाज आला.

इकडं लेआची मुलगी अर्ध्यावर उठवली म्हणून टाहो फोडत होती. नामीबाई म्हणाली, "अग, तुझी रडतेय."

लेआ म्हणाली, "रडू द्या. ती दांडगी आहे, तिला तासभर कळ काढता येईल. याला नाही."

तेव्हा नामीबाईला कळलं. आपण आजवर दिलं ते घरात उरलेलं दिलं. ही लेकीच्या तोंडचं काढून देतेय. तिचे डोळे भरून आले. तिनं त्या रडणाऱ्या मुलीला उचललं, खांद्याशी घेतलं, हलवू लागली. मुलगी तिच्या जरीच्या पदरावर लाळ गाळू लागली. नामीबाईनं विचारलं, "हिचं नाव काय ग?"

"हन्ना."

"आणि तुझं लुगडं... त्या वर्षीचं लुगडं तू खांबावर ठेवून गेलीस ना? मला गऊनं मागून सांगितलं. मी तेव्हा का म्हणून विचारलं नाही."

लेआ बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

नामीबाई म्हणाली, "तुला काय देऊ? बाग दाखव, बाग देते. दुभती गाय देते. मोडलेल्या पायाचा इलाज करते. सांग."

लेआ म्हणाली, "इलाजाचं बघा, बाई, त्याला नाही म्हणत नाही. पण आधी चार घास खा. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही, तोंडावरून दिसतंय."

चुलीवर ज्वारीची भाकरी होती, अंबाडीची भाजी होती. लेआच्या नवऱ्यानं बसल्या जागेवरून ताट सरकवलं. नामीबाईनं हात धुतले. भाकरी मोडली. पहिला घास तिनं हातात धरून ठेवला, मग तोंडात घातला. दुसरा सहज गेला. मग ती जेवली, पोटभर जेवली, वर पाणी मागून घेतलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून तामारआजी बोलली. "कोण आलंय?"

"मी नामी, आजी. शलमोनरावांची."

"ये, जवळ ये. तुला वसा सांगते."

"कसला वसा, आजी?"

"नाताळाचा वसा. उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही. घेशील?"

"घेईन."

"मग ऐक. देवाला देता येत नव्हतं का? वरूनच धाडता आलं असतं. देवदूत होते, गाड्या भरभरून धाडल्या असत्या. पण त्यानं धाडलं नाही, तो आला. एकुलत्या एका ल्योकाच्या रूपानं आला. आणि आला तो घेत आला. मरियेचं दूध घेतलं, योसेफाचं छप्पर घेतलं, गुरांची गव्हाण घेतली. जगाचा देणारा, त्यानं आधी हात पसरले. म्हणून नाताळ आला की एका घरी जावं. दुसऱ्याच्या हाती धाडू नये, आपण न्यावं. उंबरा ओलांडावा. ते बसतात तिथं बसावं. नाव विचारावं. त्यांनी दिलेलं आधी घ्यावं, खावं, गोड म्हणावं. मग आपलं द्यावं. आणि दिलेलं बोलू नये. एवढाच वसा."

नामीबाईनं आजीचे पाय धरले. वसा घेतला.

दुसऱ्या दिवशी नाताळ उजाडला. ओट्याखाली रांग लागली. खुर्ची रिकामी होती. नामीबाई बाळाला घेऊन लेआकडं गेली होती. परतल्यावर तिनं रांगेतल्या लोकांना आपापल्या घरी धाडलं, अंगणातले ढीग बैलगाडीत चढवले, शलमोनरावाला बरोबर घेतलं आणि दारोदार निघाली. एका घरी चहा घेतला. एका घरी शिळी भाकरी खाल्ली. एका घरी काहीच नव्हतं, तिथल्या म्हाताऱ्यानं गाणं म्हटलं, ते बसून ऐकलं. दिवसभरात निम्मी घरंही झाली नाहीत. उरलेली नव्या वर्षात झाली.

बाळ बाळसं धरू लागलं. एस्तेरचा ताप उतरला. लेआचा नवरा इलाजानं बरा झाला, काठी टाकून चालू लागला. मग बाळाच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरला.

शहरातून मार्था वन्सं आल्या, नामीबाईची नणंद. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. म्हणाल्या, "वहिनी, पाजलं ते ठीक, गरज होती. लेआला चांगलं पातळ घ्या आणि विषय संपवा. रोजचं तिथं जाणं, खाणं कशाला? उद्या ती देवळात पुढं येऊन बसेल."

नामीबाईचं मन डळमळलं. खोटं कशाला सांगू, डळमळलंच. वन्सं मोठ्या होत्या, मान मोठा होता. पण वसा घेतला होता.

त्या देवळात पुढं बाक होते, तिथं बागाईतदार बसत. मागं दाराशी सतरंजी होती, तिथं ओढ्यापलीकडची माणसं बसत. कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पण बसत. उपासना सुरू झाली, गीत झालं, पाळकसाहेबांनी हाक दिली, "बाळाला आणा."

नामीबाई उठली. बाळाला उचललं. वन्संना वाटलं पुढं जाईल. ती मागं वळली. सगळे बाक ओलांडून दाराशी गेली, लेआच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली. बाळ लेआच्या ओटीत दिलं. म्हणाली, "पाळकसाहेब, याचा जीव इथं वाचला. याच्यावर पाणी इथंच घाला."

मार्था वन्सं उठल्या आणि बाहेर गेल्या. शलमोनराव उठला, क्षणभर दाराकडं बघितलं, मग मागं येऊन बायकोजवळ बसला. त्याच्यामागं एस्तेर आणि तिचा नवरा आले. मग आणखी कोण कोण आलं. काही बाकांवरच बसून राहिले. पाळकसाहेबांनी पाण्याचं भांडं उचललं, चालत मागं आले, गुडघे टेकले.

"बाळाचं नाव काय?"

नामीबाईनं लेआकडं बघितलं. "तू सांग. तुझाही आहे."

लेआनं बाळाच्या तोंडाकडं बघितलं. "तिमथी," ती म्हणाली, आणि साऱ्या देवळानं ऐकलं.

जसं देणं देवानं नामीबाईला शिकवलं, तसं तुम्हांआम्हां शिकवो. जसं लेआच्या घरी घेणं तिला गोड लागलं, तसं तुम्हांआम्हां गोड लागो. ज्यांचं लेकरू भुकेलं आहे त्यांना दूध मिळो, ज्यांचा हात आखडला आहे त्यांचा मोकळा होवो. लांबलचक गोष्ट, थोडक्या बोलांत सांगितली, ऐकणाऱ्यांच्या घरी सुफळ होवो, संपूर्ण होवो. आमेन.